मधला कोड खरंच सुरक्षित असतो का?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका सत्तावीस वर्षांच्या, फिजिओथेरपीच्या पदवीधर. पुण्यातल्या एका मेडिकल कोडिंग कंपनीत त्या अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचं काम करतात. त्यांच्याकडे दाखल रुग्णांच्या रोजच्या फेरतपासणीचे चार्ट येतात आणि डॉक्टरच्या बिलासाठी प्रत्येकाला ९९२३१, ९९२३२, ९९२३३ यांतला एक कोड द्यायचा असतो (आकडा वरचा तशी फी जास्त). शंका आली की त्या ९९२३२ देतात, ‘मधला आहे, फार चुकणार नाही’ म्हणून. अलीकडे क्यूएने (कोड तपासणाऱ्या ऑडिटरांच्या विभागाने) त्यांच्या काही चार्टमध्ये चुका काढल्या. आयसीयूतल्या एका रुग्णाला एक ऑडिटर ९९२३३ हवा होता म्हणाला, दुसऱ्याने ९९२३२च बरोबर ठरवला. त्यात टीम मीटिंगमध्ये टीएल (टीम लीडर) म्हणाले, ‘या क्लायंटच्या डॉक्टरांचे थ्री (म्हणजे ९९२३३) बाकीच्यांपेक्षा कमी आहेत, जमेल तिथे सोडू नका.’ शेवटी त्या लिहितात : ‘वरचा कोड दिला तर कुणातरी म्हाताऱ्या माणसाचं बिल फुगवल्यासारखं वाटतं. खालचा दिला तर माझी अ‍ॅक्युरसी जाते. शिकले फिजिओथेरपी आणि करते अंदाजपंचे. काय करू?’

तुमच्या पत्रात एक वाक्य जाता जाता येऊन गेलंय : ‘पेशंट आयसीयूत होता म्हणून थ्री द्यावासा वाटत होता, पण धीर झाला नाही.’ मला सगळ्यात महत्त्वाचं ते वाटलं. त्यात तुम्ही दोन गोष्टी धरून चालला आहात. रुग्ण किती आजारी आहे त्यावर कोड ठरतो, ही एक. वरचा कोड द्यायला धीर लागतो, ही दुसरी. मला दोन्ही पटत नाहीत.

रोजच्या फेरतपासणीचा कोड रुग्ण कोणत्या वॉर्डात आहे त्यावरून ठरत नाही. त्या तारखेला त्या डॉक्टरने काय विचार केला, काय पाहिलं, कोणती जोखीम पत्करून निर्णय घेतला आणि त्यातलं काय लिहून ठेवलं, यावरून ठरतो. १ जानेवारी २०२३ पासून तर हे अधिकच स्पष्ट झालंय. त्याआधी हिस्टरीचे मुद्दे मोजा, तपासणीत किती अवयव आले ते मोजा, १९९५ की १९९७ ची नियमावली ते बघा, असा सगळा हिशोब असायचा. आता हिस्टरी आणि तपासणी रुग्णाला गरज असेल तेवढी. लेव्हल ठरते ती एमडीएमवर (मेडिकल डिसिजन मेकिंग, म्हणजे डॉक्टरचा निर्णय किती गुंतागुंतीचा होता त्यावर), नाहीतर डॉक्टरने त्या दिवशी दिलेल्या एकूण वेळेवर. ऑब्झर्व्हेशनचे (रीतसर दाखल न करता देखरेखीखाली ठेवलेल्या रुग्णांचे) ९९२२४ ते ९९२२६ हे वेगळे कोडही तेव्हाच गेले आणि ते रुग्णही याच तीन कोडांत आले. जुन्या पद्धतीत तयार झालेले काही ऑडिटर अजून मनातल्या मनात तोच हिशोब करतात. दोन ऑडिटरांची दोन मतं येतात, त्यामागे कधीकधी एवढंच असतं.

एमडीएमचे तीन घटक तुम्हाला पाठ असणारच : समस्या कशा आणि किती, डेटा किती पाहिला, उपचाराच्या निर्णयात जोखीम किती. तीनपैकी दोन घटक जिथे पोचतात ती लेव्हल. सरळ किंवा कमी असेल तर ९९२३१, मध्यम असेल तर ९९२३२, उच्च असेल तर ९९२३३. तुमचं पाठांतर कुठेच कमी पडत नाहीये. तुम्ही फिजिओथेरपिस्ट आहात, खरी अडचण तिथे आहे. व्हेंटिलेटरवरून नुकताच निघालेला माणूस कसा असतो हे तुम्ही पोस्टिंगमध्ये स्वतः पाहिलंय. नोटमध्ये ‘रात्री बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र) चालू’ एवढं वाचलं की पुढचं सगळं तुम्हाला आपोआप दिसायला लागतं. थकलेला श्वास, खोकला काढायलाही न उरलेली ताकद, केव्हाही बिघडू शकणारी तब्येत. मग नोट राहते बाजूला आणि तुम्ही ते दिसलेलं कोड करायला जाता. नंतर भीती वाटते आणि एक पायरी खाली उतरता. बीएएमएस, बीएचएमएस, नर्सिंग करून या कामात आलेल्या पुष्कळांचं असंच होतं. साधं बी.एस्सी. करून आलेला मुलगा इथे कधीकधी कमी चुकतो, कारण नोटमध्ये नाही ते त्याला दिसतच नाही.

तुमचं शिक्षण वाया गेलं असा याचा अर्थ नाही. नोटमध्ये काय असायला हवं होतं आणि नाहीये, हे तुम्हाला त्या मुलाच्या आधी कळतं. ती जाणीव कोड वाढवायला वापरू नका, क्वेरी, म्हणजे डॉक्टरला खुलाशाचा लेखी प्रश्न, पाठवायला वापरा.

दोन चार्ट शेजारी ठेवून बघू. रचलेले आहेत, पण असे रोज येतात. पहिला आयसीयूतला. सेप्सिस, चौथा दिवस. नोट म्हणते : रक्तदाबाची औषधं कालपासून बंद, ताप नाही; लॅक्टेट, सीबीसी, बीएमपी पाहिले, कल्चरमध्ये वाढ नाही; शिरेतून अँटिबायोटिक चालू ठेवा; बेड मिळाला की वॉर्डात हलवा. समस्या म्हणजे सगळ्या शरीरावर परिणाम करणारा तीव्र आजार, तोही सुधारणारा, मध्यम. डेटामध्ये तीनापेक्षा जास्त वेगवेगळ्या चाचण्या आहेत, पण स्वतःचं वाचन नाही की दुसऱ्या डॉक्टरशी चर्चा नाही, मध्यम. जोखीम औषधं ठरवण्याची, तीही मध्यम. कोड ९९२३२. कुणी म्हणेल, सेप्सिस म्हणजे जिवावरचं दुखणं. ठीक आहे, समस्या उच्च धरू. तरी बाकीचे दोन घटक मध्यमच राहतात आणि लेव्हलला दोन लागतात. कोड तोच येतो. तुमच्या दोन ऑडिटरांचा वाद बहुधा पहिल्या घटकावर अडला असेल आणि पुढचे दोन कुणी शांतपणे पाहिलेच नसतील.

दुसरा चार्ट साध्या वॉर्डातला, हार्ट फेल्युअरचा. रात्रीतून दम वाढला, ऑक्सिजन दोन लिटरवरून सहावर न्यावा लागला. डॉक्टर लिहितो : अ‍ॅक्यूट हायपॉक्सिक रेस्पिरेटरी फेल्युअर, एक्स-रे मी स्वतः पाहिला, दोन्ही बाजूंना पाणी कालपेक्षा जास्त, कार्डिओलॉजिस्टशी बोलून फ्युरोसेमाइड वाढवतोय, आयसीयूत हलवतोय. समस्या जिवाला धोका असलेली, म्हणजे उच्च. स्वतः लावलेला एक्स-रेचा अर्थ आणि वेगळ्या स्पेशालिटीच्या डॉक्टरशी उपचारांबद्दल चर्चा मिळून डेटाही वरच्या पातळीवर जातो. (‘एक्स-रे रिव्ह्यूड’ एवढंच असतं तर ती फक्त पाहिलेली एक चाचणी झाली असती. आणि त्या वाचनाचं वेगळं बिल त्याच डॉक्टरने लावलेलं नसावं.) उपचारांची पातळी वाढवण्याचा निर्णय, म्हणून जोखीमही उच्च. हा स्वच्छ ९९२३३ आहे. तो द्यायला कसला धीर लागतो? सगळं समोर लिहिलेलं आहे.

म्हणून माझी पहिली सूचना अगदी साधी आहे. कोड टाकण्याआधी तिन्ही घटक वेगवेगळे ठरवा आणि प्रत्येकापुढे नोटमधले नेमके शब्द लिहा. एका घटकापुढे शब्द सापडले नाहीत तर तो घटक नाही. सुरुवातीला वेग कमी होईल, टार्गेट ताणलं जाईल, हे मला माहीत आहे. सवय झाली की हे डोक्यातल्या डोक्यात होतं आणि ‘टू की थ्री’ ही घालमेल पुष्कळ कमी होते, कारण कोड तुम्ही निवडत नाही, तो दोन घटकांतून आपोआप निघतो.

काही ठिकाणी अनुभवी लोकही अडतात. शिरेतून औषध दिलं म्हणजे जोखीम उच्च, हा समज अजून फिरतोय. नुसत्या शिरेतून दिल्याने उच्च होत नाही. मॉर्फिनसारखं नियंत्रित औषध इंजेक्शनने देण्याचा निर्णय मात्र २०२३ पासून उच्च जोखमीच्या उदाहरणांत आहे, आणि तरीही त्याच्या जोडीला दुसरा घटक लागतोच. इन्सुलिन चालू असताना साखर पाहणं हे औषधाच्या विषारी परिणामांवरचं कडक लक्ष (उच्च जोखमीचं आणखी एक उदाहरण) मानलं जात नाही, कारण ती साखर औषध लागू पडतंय का हे बघायला तपासलेली असते. व्हॅन्कोमायसिनच्या बाबतीत नोट नीट वाचा. किडनीवर परिणाम होतोय का म्हणून क्रिएटिनिन आणि औषधाची पातळी पाहतोय, असं डॉक्टरने म्हटलं असेल तर बोलायला जागा आहे. नुसतं औषधाचं नाव यादीत आहे म्हणून नाही. जुनाट आजाराच्या पुढे ‘स्टेबल’ लिहिलेलं असतं तेव्हाही थांबा. उपचाराचं लक्ष्य गाठलेलं नसेल तर तो आजार या नियमांत स्टेबल धरत नाहीत, मग तो आठवडाभर तसाच का असेना. आणि चाचण्यांचं म्हणाल तर ज्या भेटीत चाचणी सांगितली त्याच भेटीत तिचा निकाल पाहणंही धरलेलं असतं. रोज सकाळी करायच्या म्हणून एकदाच लिहिलेल्या चाचणीचा नवा निकाल मात्र ज्या दिवशी डॉक्टरने अभ्यासला त्या दिवशी मोजता येतो. दाखल रुग्णांच्या चार्टमध्ये सगळ्यात जास्त रिबटल (क्यूएने काढलेल्या चुकीला कोडरने दिलेली लेखी हरकत) याच मुद्द्यावर होतात.

वेळेचा रस्ता वेगळा. ९९२३१ ला २५ मिनिटं, ९९२३२ ला ३५, ९९२३३ ला ५०, आणि हा आकडा गाठलेला किंवा ओलांडलेला हवा. ४९ मिनिटं म्हणजे ९९२३२. वेळ डॉक्टरचा स्वतःचा, त्याच तारखेचा. रुग्णाजवळचा आणि चार्ट वाचण्यात, नोट लिहिण्यात, फोनवर गेलेलाही. नर्सचा धरायचा नाही, आणि ज्या कामाचं वेगळं बिल लावलंय त्याचाही नाही. एमडीएम मध्यम असलं तरी ५२ मिनिटं नीट नोंदवलेली असतील तर ९९२३३ रास्त आहे. पण एकाच डॉक्टरच्या दिवसभराच्या सगळ्या नोटांखाली ‘टोटल टाइम ५० मिनिट्स’ हीच ओळ चिकटवलेली दिसली तर गुणाकार करून बघा. तीस रुग्ण गुणिले पन्नास मिनिटं म्हणजे पंचवीस तास. ते तुमच्या एकटीने सोडवायचं प्रकरण नव्हे. लगेच वर कळवा.

आता ‘मधला सुरक्षित’ या समजाकडे येते. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने २०१० सालचे मेडिकेअरचे (मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचे) ई अँड एम क्लेम, म्हणजे डॉक्टरच्या तपासणी-भेटींची बिलं, तपासले आणि २०१४ मध्ये अहवाल दिला. त्यांपैकी ४२ टक्के क्लेमचा कोड चुकीचा निघाला, आणि या चुकांत वरचे आणि खालचे दोन्ही कोड धरलेले आहेत. ऑडिटच्या लेखी खालचा कोड ही चूकच असते. शंका आली की टू, असं करत गेलं की काही टू खरे वन असतात आणि काही खरे थ्री. म्हणजे तुमचा मधला कोड एकाच वेळी कुणाकडून जास्त घेतो आणि कुणाला कमी देतो. मेडिकेअरने डॉक्टरच्या कामाला लावलेलं मोल (डॉलरमध्ये नव्हे, तुलनेच्या एककांत) ९९२३१ ला १.००, ९९२३२ ला १.५९ आणि ९९२३३ ला २.४० आहे. वरच्या दुसऱ्या चार्टमधल्या डॉक्टरला तुम्ही घाबरून टू दिलात, तर त्याच्या त्या दिवसाच्या कामाचा तिसरा हिस्सा तुम्ही पुसलात.

त्या म्हाताऱ्या माणसाबद्दल तुम्हाला वाटणारी कणव खरी आहे, आणि ती अस्थानी आहे असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांची फी मेडिकेअरच्या पार्ट बी मधून जाते आणि डिडक्टिबल (आधी स्वतः भरायची ठरावीक रक्कम) भरल्यावर साधारण २० टक्के रुग्णाच्या वाट्याला येतात, म्हणजे कोडचा परिणाम त्याच्या खिशापर्यंत पोचतोच. म्हणूनच तो नेमका हवा. ज्याला बिल झेपत नाही त्याच्यासाठी वेगळी वाट आहे. अमेरिकेत करसवलत घेणाऱ्या ना-नफा हॉस्पिटलांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. पुण्यात बसून खालचा कोड टाकल्याने त्या माणसाला ती मदत मिळत नाही. नोंद तेवढी चुकीची होते.

राहिले टीएल. आधी त्यांना संशयाचा फायदा द्या. लेव्हलची सरासरी पाहणं गैर नाही. एखाद्या ग्रुपचे थ्री फारच कमी असतील तर डॉक्टर नीट लिहीत नाहीत की कोडर घाबरतात, हे शोधायला ती सरासरी उपयोगी पडते. तुमच्या टीममध्ये दुसरं कारण असू शकतं, हे तुमच्याच पत्रावरून दिसतंय. पण सरासरी बघून समोरच्या चार्टचा कोड ठरवणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती फार महागात जाते. हॉस्पिटलिस्ट (हॉस्पिटलात दाखल रुग्ण पाहणारे डॉक्टर) पुरवणाऱ्या आयपीसी या कंपनीवर नेमका हाच आरोप होता : केलेल्या कामापेक्षा वरचे कोड लावायला डॉक्टरांना उत्तेजन देणं, आणि ज्यांचे कोड खालचे त्यांना ‘सहकाऱ्यांच्या बरोबरीला या’ असा रेटा लावणं. तिला विकत घेतलेल्या टीमहेल्थने २०१७ मध्ये सहा कोटी डॉलर आणि वर व्याज भरून तडजोड केली. आरोप कोर्टात सिद्ध झाले नाहीत, तडजोडच होती. पण प्रकरण बाहेर काढलं ते तिथेच काम केलेल्या एका डॉक्टरने. सरकारकडे खोटी बिलं लावण्याविरुद्धच्या तिकडच्या फॉल्स क्लेम्स कायद्यात ‘जाणूनबुजून’ या व्याख्येत मुद्दाम डोळेझाक करणं आणि बेफिकिरीही येते, आणि भरपाई तिप्पट होऊ शकते. हे तुमच्या टीएलना माहीत नसेल, तर त्यांच्या वरच्यांना नक्की माहीत असतं.

म्हणून भांडू नका, लेखी विचारा. एक साधी मेल पुरते : ‘सर, मीटिंगमधला मुद्दा मला असा समजला, की नोटमध्ये एमडीएम किंवा वेळेचा आधार असलेले ९९२३३ सुटू नयेत. आधार नसेल तिथे आपण लेव्हल वाढवत नाही. बरोबर ना?’ शंभरातल्या बहुतेक वेळा ‘येस, करेक्ट’ असं उत्तर येतं आणि विषय तिथेच संपतो. उत्तर आलं नाही, किंवा ‘फोनवर बोलू’ असं आलं, तर क्यूए लीडकडे जा आणि मग कंप्लायन्सकडे. अमेरिकन क्लायंटचं काम करणाऱ्या बहुतेक कंपन्यांत त्यासाठी वेगळा मेल आयडी किंवा हॉटलाइन असते. रुजू होताना झालेल्या ट्रेनिंगच्या कागदांत तो सापडेल. यात एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही. पुरावा म्हणून चार्टचे फोटो, स्क्रीनशॉट, रुग्णाचं नाव किंवा नंबर स्वतःच्या मोबाइलवर किंवा वहीत घ्यायचे नाहीत. हिपाचा (रुग्णांची माहिती गुप्त ठेवण्याच्या अमेरिकन कायद्याचा) भंग झाला तर मूळ तक्रार बाजूला राहते आणि तुमचीच नोकरी जाते. तारीख, कोण काय म्हणालं आणि कंपनीच्या सिस्टिममधला काम क्रमांक एवढी नोंद पुरे, तीही कंपनीच्याच मेलवर.

क्यूएने चूक काढली तर रिबटलमध्ये ‘आय फील’ नको. घटक, नोटमधले शब्द, नियम, तीन ओळी. ‘समस्या उच्च मान्य. डेटा एका कॅटेगरीतलाच, जोखीम औषध व्यवस्थापनाची. तीनपैकी एकच घटक उच्च, म्हणून ९९२३२.’ दोन ऑडिटरांचं जुळत नसेल तर दोघांची उत्तरं एकाच मेलमध्ये जोडून क्लायंटची लेखी गाइडलाइन मागा. ती नसेल तर तयार करून घ्या. तुमच्यासारख्या दहा जणी त्याच प्रश्नावर अडलेल्या असतील. आणि नोटमध्ये काहीतरी राहिलंय असं तुमच्यातल्या फिजिओथेरपिस्टला जाणवलं, तर चार्ट होल्डवर टाकून क्वेरी करा, पण उत्तर सुचवू नका. ‘रेस्पिरेटरी फेल्युअर लिहाल का?’ असं विचारणं चूक. ‘ऑक्सिजन सहा लिटर आणि बायपॅपची नोंद आहे, हे कोणत्या निदानासाठी ते कृपया स्पष्ट करा’ असं विचारणं बरोबर.

एवढं करूनही दबाव तसाच राहिला तर टीम बदलून मागा, नाहीतर दुसरीकडे बघा. सीपीसी (सर्टिफाइड प्रोफेशनल कोडर ही परीक्षा) झालं नसेल तर ते आधी करा. शंभर प्रश्न, चार तास, ७० टक्क्यांना पास, आणि तुमचा पाया पक्का असल्यामुळे तुम्हाला ते जड जाणार नाही. सर्टिफिकेट हातात असलं की टीएलसमोर बोलतानाही आवाज वेगळा लागतो. मुलाखतीला जाल तिथे पगाराच्या आधी एक प्रश्न विचारा : क्यूए आणि टीएलचं मत वेगळं आलं तर कोडचा अंतिम निर्णय कुणाचा? ‘क्लायंटची गाइडलाइन बघतो, नाहीतर क्यूएचा’ असं चटकन उत्तर आलं तर पुढे बोला. ‘तसं आमच्याकडे होत नाही’ म्हणाले, तर आणखी एखादी कंपनी बघा.